विदर्भकन्यांची निवड आणि निष्ठा

विवाहयोग्य मुलीने एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’चे पारायण करावे, म्हणजे तिला अनुरूप वर मिळतो, अशी श्रद्धा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ही श्रद्धा महाराष्ट्राच्या राजकीय सीमेपाशी थांबलेली नाही. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरशी जोडलेला आणि ब्रिटिश काळातही नागपूर विभागात गणला गेलेला आमचा बालाघाट जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला. किरनापूरच्या बाजारात हिंदी चालते, पुष्कळ घरांत पोवारी बोलली जाते, रानालगतच्या वस्त्यांत गोंडी ऐकू येते. पण मराठी कुटुंबांतील देव्हाऱ्यापाशी जी पोथी तांबड्या फडक्यात बांधलेली असते, ती मराठीच असते.

किरनापुरातील अशाच एका घरी आम्ही हे पारायण ऐकत होतो. वाचणाऱ्या मुलीने मध्येच थांबून आजीला एक प्रश्न केला. रुक्मिणीने घरात ठरलेले लग्न नाकारले, भावाला न विचारता परक्या पुरुषास पत्र धाडले आणि पळवून न्यावयाचे ठिकाणही तिनेच सुचविले. तर ही पोथी वाचून आपण रुक्मिणीसारखे व्हावयाचे, की होऊ नये? बायका हसल्या, आजीने पुढे वाचण्याची खूण केली आणि वाचन पुढे चालू झाले. तो प्रश्न त्या हसण्यात विरून गेला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही. कारण आमच्या मते पुराणकथांतील स्त्रीविषयी आजवर झालेल्या पुष्कळशा चर्चेत नेमका हाच प्रश्न बाजूस सारला गेला आहे.

या चर्चेत सामान्यतः दोन पक्ष दिसतात. एक पक्ष स्वयंवराच्या कथा पुढे करून प्राचीन भारतात स्त्री स्वतंत्र होती असे सांगतो. दुसरा पक्ष स्त्री बाल्यात पित्याच्या, तारुण्यात पतीच्या आणि वार्धक्यात पुत्राच्या रक्षणाखाली असावी, तिला स्वातंत्र्य नसावे, हा मनुस्मृतीचा दंडक पुढे करतो आणि सर्व कथा या दंडकाचीच सजवलेली रूपे होत असे म्हणतो. दोन्ही पक्षांची अडचण एकच आहे. ते कथा वाचीत नाहीत. कथेतून हवे तेवढे वेचतात. वस्तुतः ज्या मनुस्मृतीचा हवाला दिला जातो, तिच्यातच त्याच नवव्या अध्यायात, पित्याने वेळेवर विवाह न केल्यास ऋतुप्राप्तीनंतर तीन वर्षे वाट पाहून कन्येने स्वतः वर शोधावा व त्यात तिला दोष नाही, असेही सांगितले आहे. धर्मग्रंथच जर एकसुरी नाहीत, तर कथा एकसुरी कशा असतील?

म्हणून येथे आम्ही एक मर्यादित प्रयोग करू इच्छितो. आपल्या परंपरेने विदर्भाच्या म्हणून मानलेल्या तीन राजकन्या आहेत: लोपामुद्रा, दमयंती आणि रुक्मिणी. तिघींच्या कथा वेगवेगळ्या काळांच्या आणि वेगवेगळ्या हेतूंनी सांगितलेल्या आहेत. पण तिघींतही निवड आणि निष्ठा यांचा संबंध हाच कथेचा कणा आहे. त्या संबंधाचे स्वरूप काय, एवढेच आम्हांस तपासावयाचे आहे.

१

लोपामुद्रा प्रथम भेटते ती ऋग्वेदात. पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात अवघ्या सहा ऋचा आहेत आणि त्यांचा आरंभ तिच्या बोलण्याने होतो. अनेक वर्षे रात्रंदिवस श्रमून आपण थकलो, वार्धक्य देहाची कांती हरण करते, तेव्हा पतींनी पत्नींपाशी यावे, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. सूक्तात ती विदर्भाची राजकन्या नाही. तो संबंध महाभारताच्या वनपर्वात येतो. तेथे अगस्त्याने पितरांच्या उद्धारासाठी संतती हवी म्हणून निरनिराळ्या प्राण्यांचे उत्तमोत्तम अवयव योजून एक कन्या निर्माण केली आणि अपत्यहीन विदर्भराजाच्या स्वाधीन केली, अशी कथा आहे. ती वयात आल्यावर ऋषी तिला मागण्यास येतो. राजाला नकार देण्याचे धैर्य नाही आणि मुलगी वनवासी ऋषीस देण्याची इच्छाही नाही. तेव्हा लोपामुद्राच पित्यास म्हणते की, मला ऋषीस द्या आणि स्वतःचे रक्षण करा.

हा प्रसंग आज्ञापालनाचा नमुना म्हणून सहज सांगता येईल. पण कथा येथे संपत नाही. ती वल्कले नेसते, तपात सहभागी होते. आणि पती संततीसाठी जवळ येऊ पाहतो तेव्हा हात जोडून, परंतु निःसंदिग्ध शब्दांत, एक अट घालते. पित्याच्या प्रासादात होती तशी शय्या हवी, तशी वस्त्रे व अलंकार हवेत. ऋषी आपल्या निर्धनतेचे कारण सांगतो. ती त्याच्या तपःसामर्थ्याची आठवण देते. तप खर्ची पडेल असे तो म्हणतो. तर धर्माचा लोप न करता काय ते करा, असे ती सुचविते आणि अट मात्र मागे घेत नाही. अखेरीस अगस्त्यास तीन राजांकडे व शेवटी इल्वलाकडे धनासाठी जावे लागते. परत आल्यावर हजार, शंभर, दहा की हजारांच्या तोडीचा एक, असे पुत्रांचे पर्याय तो तिच्यापुढे ठेवतो आणि ती एकाची निवड करते.

ज्या स्त्रीची निर्मितीच पुरुषाच्या प्रयोजनासाठी झाली, तिच्यापुढे कथेने अखेरीस पर्याय ठेवले, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते. विवाहापूर्वीची तिची संमती ही संकटात सापडलेल्या पित्यासाठी दिलेली संमती आहे. तिला स्वातंत्र्य म्हणणे ही आत्मवंचना होईल. तिचे स्वातंत्र्य विवाहानंतर, पत्नीधर्माच्या आतून, बोलू लागते. ती पतीस सोडीत नाही आणि स्वतःसही सोडीत नाही.

२

दमयंतीच्या कथेत क्रम उलटा आहे. येथे निवड आरंभीच आहे. इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार देव नलाचे रूप घेऊन स्वयंवरात बसले असता, पापण्या न लवणे, घाम न येणे, माळ न कोमेजणे, छाया न पडणे, पाय भूमीस न टेकणे या देवलक्षणांवरून ती त्यांस ओळखते आणि ज्याची छाया पडते, ज्याची माळ कोमेजते, त्या मर्त्य माणसास वरते. या निवडीत जे धैर्य आहे त्याची स्तुती पुष्कळांनी केली आहे. श्रीहर्षाने ‘नैषधीयचरित’ रचले ते स्वयंवर आणि त्यानंतरचे सुख येथवरच. मराठीत रघुनाथपंडितांचे आख्यानही स्वयंवराच्याच नावाने ओळखले जाते. रसिकांना दमयंती हवी ती वरमाला हाती घेतलेली.

पण वनपर्वात बृहदश्व ही कथा सांगतो ती द्यूतात हरलेल्या युधिष्ठिराच्या सांत्वनासाठी. म्हणजे तिचे प्रयोजन नलाचे दुःख हे आहे. असे असूनही कथा नलाच्या हातून निसटते आणि दमयंतीच्या हाती जाते. नल द्यूतात सर्वस्व घालवीत असता वार्ष्णेय सारथ्यास बोलावून दोन्ही मुलांना कुंडिनपुरास धाडण्याचा निर्णय तीच घेते. अर्ध्या वस्त्रानिशी तिला वनात टाकून नल निघून जातो. त्यानंतर तिचे वर्तन असहाय स्त्रीचे नाही. माहेरी परतल्यावर शोधाची सर्व यंत्रणा ती उभी करते. ब्राह्मणांस कोणते शब्द सभांतून उच्चारावयाचे ते शिकवून देशोदेशी धाडते. पर्णादाने आणलेल्या उत्तरावरून अयोध्येचा सारथी बाहुक कोण असावा हे ताडते. आणि मग, पित्यास कळू न देता, केवळ आईला विश्वासात घेऊन, आपल्या दुसऱ्या स्वयंवराची खोटी वार्ता ऋतुपर्णाकडे पोचविते. एका दिवसात तेवढे अंतर रथाने कापू शकणारा माणूस एकच आहे, हे तिला ठाऊक असते.

पतिव्रतेने दुसऱ्या स्वयंवराची दवंडी पिटावी, यापेक्षा धीट कल्पना आपल्या आख्यानवाङ्मयात क्वचितच सापडेल. निष्ठा ही येथे मुकाट बसून राहण्याची वृत्ती राहिलेली नाही. ती बुद्धीची, योजनेची आणि प्रसंगी पित्यापासून लपविण्याचीही वृत्ती झाली आहे.

तथापि कथेचे दोन प्रसंग आम्हांस अस्वस्थ करतात आणि ते झाकून ठेवणे समीक्षेस शोभणार नाही. पहिला असा की, नल भेटल्यावर दुसऱ्या स्वयंवरावरून तो तिलाच बोल लावतो. तिला वायू, सूर्य आणि चंद्र यांना साक्षी ठेवून शपथ घ्यावी लागते आणि वायूने तिच्या शुद्धतेची ग्वाही दिल्यावरच नलाचे समाधान होते. ज्याने वनात टाकले त्याला कोणी शपथ घातलेली नाही. दुसरा प्रसंग याहून कमी चर्चिला गेला आहे. पहिल्या द्यूतात सर्व हरल्यावर, आता दमयंती पणास लाव, असे पुष्कराने सुचविले तेव्हा नल क्रोधाने स्तब्ध राहून, अंगावरचे अलंकार उतरवून निघून गेला होता. पण अखेरच्या द्यूतात, अक्षविद्या हस्तगत झालेली असताना, तोच नल आपल्या मिळवलेल्या धनाबरोबर दमयंतीसही पणास लावतो. ती तेव्हा विदर्भात आहे. तिला विचारलेले नाही. तो जिंकतो, म्हणून कथा पुढे जाते. पराभवात ज्याने पत्नीस वस्तू मानले नाही, त्याने विजयाच्या खात्रीत ती वस्तू मानली, यावर बृहदश्व अवाक्षर काढीत नाही. श्रोता कोण? स्वतःची पत्नी पणास लावून बसलेला युधिष्ठिर! हे मौन कथेतील सर्वांत बोलके स्थळ आहे, असे आम्हांस वाटते.

३

रुक्मिणीच्या कथेचा इतिहास हा या विषयातील सर्वांत उद्बोधक भाग होय. हरिवंशात रुक्मिणी इंद्राणीच्या पूजेस आलेली असता कृष्ण तिला पाहतो आणि हरण करतो. विष्णुपुराणात दोघांची परस्परांवर प्रीती आहे एवढे म्हटले आहे. पण तेथेही हरणाचे कर्तृत्व कृष्णाचे. रुक्मिणीचे पत्र येते ते भागवताच्या दशम स्कंधात. सात श्लोकांच्या त्या संदेशात ती आपण मनाने वरल्याचे सांगते. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलाचाराप्रमाणे वधू नगराबाहेर अंबिकेच्या दर्शनास जाते, तेथून न्यावे म्हणजे अंतःपुरातील आप्तांचा वध टळेल, अशी योजनाही तीच देते. म्हणजे कालक्रमाने पुढच्या ग्रंथात स्त्रीचा आवाज क्षीण झालेला नाही, उलट वाढलेला आहे. प्राचीन ते सर्व मुक्त आणि पुढचे ते सर्व बद्ध, या लोकप्रिय समजुतीस ही एक कथा पुरेसा छेद देते.

येथे एक आक्षेप संभवतो. भागवताप्रमाणे आप्तांना रुक्मिणी कृष्णासच द्यावयाची होती; विरोध एकट्या रुक्मीचा होता. मग हे बंड तरी कसले? आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारे अनुमान खरे नाही. भीष्मक पुत्रस्नेहाने वश होऊन शिशुपालास कन्या देण्यास सिद्ध झाला होता. घरातील वडील माणसे मनातून अनुकूल आहेत आणि तरीही एका हट्टी पुरुषापुढे गप्प आहेत, ही परिस्थिती काही द्वापरयुगाबरोबर संपलेली नाही. अशा घरात मुलीचा शब्दच काय तो उरतो. रुक्मिणीने तो वापरला. आणि कृष्ण रुक्मीचा वध करू लागला तेव्हा त्याच भावासाठी तिने अभय मागितले, हेही विसरता येत नाही. तिने आज्ञा मोडली, नाते मोडले नाही.

मराठीने ही कथा इतक्या आवडीने का उचलली असावी? कौंडिण्यपूर वर्धेच्या काठी आहे, अंबिकेचे देऊळ तेथे आहे, हे एक कारण झाले. पण दुसरे कारण वाङ्मयीन आहे. मराठीतील आद्य कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो त्या महदंबेने ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेच्या निमित्ताने जे धवळे रचले, त्यांचा विषय रुक्मिणीचा विवाह हाच आहे. महदंबा बालविधवा होती. विवाहमंगलात जिची सावलीही नको असे समाज मानी, त्या स्त्रीच्या मुखातून मराठीतील हे विवाहगीत निघाले. ज्या पंथाने स्त्रियांस संन्यासाचा अधिकार दिला, ज्याच्या चरित्रग्रंथांत महदाइसेचे चौकस प्रश्न आदराने नोंदले गेले, त्याच पंथात हे घडावे यात नवल नाही. स्वतःच्या वाट्याला न आलेली निवड तिने रुक्मिणीच्या मुखाने गायिली, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तसा पुरावा धवळ्यांत शोधणे हे टीकाकाराचे स्वप्नरंजन ठरेल. गाणारी कोण होती, एवढे लक्षात ठेवून धवळे वाचावेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.

एकनाथांनी १५७१ मध्ये काशीस आपले ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. त्यांनी कथेस जीव आणि शिव यांच्या ऐक्याचे रूपक दिले आणि त्याच वेळी मराठी लग्नघरातील विधी, मानपान, थट्टामस्करी यांनी ती भरून टाकली. या दुहेरी संस्काराचा परिणामही दुहेरी झाला. एका बाजूने, रुक्मिणीचे धाडस आध्यात्मिक तळमळीचे चिन्ह ठरल्यामुळे ते निर्दोष झाले आणि कुलीन घरांत निःशंकपणे वाचले जाऊ लागले. दुसऱ्या बाजूने, जीवाने शिवास लिहिलेले पत्र म्हटल्यावर मुलीने लिहिलेले पत्र दिसेनासे झाले. दोष एकनाथांचा नव्हे. त्यांच्या काव्यात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यांतील एकच कानांवर घेण्याची सवय आपण लावून घेतली.

४

आता या तिघींस एकत्र ठेवून पाहिले, तर आम्हांस एक सूत्र हाती लागते असे वाटते. या कथांत निष्ठा ही व्यक्तीच्या आज्ञेशी बांधलेली नसून स्वतःच्या निवडीशी बांधलेली आहे. मद्रदेशाची सावित्री याच सूत्राची साक्ष देते. अश्वपतीने तिला स्वतः वर शोधण्यास पाठविले. सत्यवानास एकच वर्ष आयुष्य आहे असे नारदाने सांगितल्यावर पित्याने दुसरा वर निवडण्यास सुचविले, तेव्हा तिने ती सूचना मानली नाही. म्हणजे जिला आपण आज्ञाधारकतेची मूर्ती म्हणून ज्येष्ठी पौर्णिमेस वडाखाली पूजतो, तिच्या पातिव्रत्याचा आरंभ पित्याचे न ऐकण्यात आहे! निवड हे मूळ आणि निष्ठा हे फळ. मूळ छाटून फळ मागणे म्हणजे आज्ञापालन मागणे; आणि या कथांचा उपयोग पुढच्या काळात बहुतेक असाच झाला.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिताना याच विसंगतीवर बोट ठेवले होते. पतीसाठी यमाच्या मागे जाणारी सावित्री सांगता, पण पत्नीसाठी त्या वाटेने गेलेला पुरुष कोणी दाखवाल काय, असा त्यांचा सवाल होता. ताराबाईंनी कथा खोटी म्हटली नाही. कथा सांगणाऱ्यांचा पक्षपात उघडा केला. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने आणि दुर्गा भागवतांच्या ‘व्यासपर्वा’ने पुढे महाभारतातील माणसे माणसे म्हणून वाचण्याची जी दृष्टी दिली, तिची एक पूर्वखूण येथे दिसते.

आमचे सूत्र सर्व कथांस लागू पडते, असा आमचा दावा नाही. रेणुकेची कथा त्यास सरळ आव्हान देते. तेथे निवड नाही, अट नाही. चित्ररथ राजास पाहून क्षणभर मन विचलित झाले एवढ्या अपराधासाठी जमदग्नीच्या आज्ञेने पुत्र परशुराम तिचा शिरच्छेद करतो. चार वडील पुत्रांनी आज्ञा मानली नाही म्हणून त्यांस शाप मिळाला. ज्याने मानली त्यास वर मिळाला. त्या वराने आई जिवंत झाली, पण वधाची आठवण तिला राहू नये असेही त्याने मागून घेतले. आज्ञापालनाचा याहून कठोर आदर्श आणि त्यावर घातलेले याहून सूचक पांघरूण आम्हांस ठाऊक नाही. परंतु लोकांनी काय केले? माहूरगडावर लोक रेणुकेच्याच मुखापुढे नतमस्तक होतात. जे शिर आज्ञेने तोडले गेले, तेच शिर शेंदराने माखून त्यांनी आपली आई केली. ग्रंथाने जिला क्षमा करून परत आणले, तिच्यापुढे लोक स्वतः क्षमा मागत उभे राहिले. पुराणकथेचा अर्थ ग्रंथकाराइतकाच ती जतन करणारा समाजही घडवितो, याचे हे उदाहरण होय.

आणखी एक मर्यादा सांगितली पाहिजे. या तिघीही राजकन्या आहेत. बाहुकाची परीक्षा घेण्यास वारंवार जाणारी केशिनी दासी कोणास वरू इच्छीत होती, हे कथेने विचारलेले नाही. ज्यांच्या घरी स्वयंवराचा मंडप पडणे शक्य नव्हते, त्यांच्या निवडीची आख्याने झाली नाहीत. झालीच असतील तर ती जात्यावर आणि रोवणीच्या चिखलात उभी राहिली असतील. वैनगंगेच्या खोऱ्यातील अशा गाण्यांचा शोध याच दृष्टीने कोणी घेतला, तर या चर्चेची उणीव भरून निघेल.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. पोथी वाचून रुक्मिणीसारखे व्हावयाचे की होऊ नये? आमचे उत्तर असे की, पोथीने हा प्रश्न टाळलेला नाही. टाळला तो आपण. पोथीत पत्र आहे, ते लिहिणारी मुलगी आहे, आणि ते वाचून धावत येणारा देव आहे. अनुरूप वर मिळावा म्हणून ही कथा मुलीच्या हाती द्यावयाची, तर अनुरूप कोण हे तिला विचारले पाहिजे, एवढी किमान अट कथाच घालते. ती अट मान्य नसेल, तर पोथी फडक्यात बांधून ठेवणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. पारायण पुरे झाल्यावर त्या घरी आरती झाली, प्रसाद वाटला गेला. मुलीने पोथी बांधण्यापूर्वी पत्राच्या पानावर खुणेसाठी एक फूल ठेवलेले आम्ही पाहिले. आजीने ते पाहिले आणि काढले नाही.